आकडा आणि आकार

समजा, एक हजार चौरस मीटरचा एक भूखंड आहे आणि त्यावर एक हजार चौरस मीटर बांधकाम करण्याची परवानगी आहे. हे बांधकाम किती प्रकारे करता येईल? सगळा भूखंड व्यापणारी एक बैठी इमारत बांधता येईल. निम्म्या भूखंडावर दोन मजले किंवा पाव भूखंडावर चार मजले चढवता येतील. एका कोपऱ्यात शंभर चौरस मीटरचा दहा मजली मनोराही उभा करता येईल. पहिल्या घराला अंगण नाही. शेवटच्या इमारतीभोवती नऊशे चौरस मीटर जागा मोकळी आहे. समोरच्या रस्त्यावर ऊन, वारा, पाणी आणि माणसांची वर्दळ या चारही वेळी वेगळी असेल. पण सरकारी कागदावर या चारही इमारतींची ओळख एकच राहील : चटई क्षेत्र निर्देशांक १.

वर्गात हे आगपेट्यांनी सहज दाखवता येते. चार आगपेट्या एकीशेजारी एक मांडा, मग दोनावर दोन ठेवा आणि शेवटी एकीवर एक रचा. आगपेट्यांची संख्या बदलत नाही, बदलतो तो आकार. आपल्या शहरांवरचे नियंत्रण गेली साठ वर्षे मुख्यतः आगपेट्या मोजून चालले आहे. त्या कशा रचायच्या याचा विचार फार कमी झाला आहे, आणि याच उणिवेची चिकित्सा या लेखात करायची आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके घेऊ. कारण इथे वाढीचा रेटा मोठा आहे आणि अजून बरेच काही वाचवता येण्यासारखे आहे.

एका परिसरात अनेक नियम

कर्जत हे बोरघाटाच्या पायथ्याचे रेल्वे स्थानक. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावली जातात ती इथे. खालापूर तालुक्यातील खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि खालापूरचे नाव टोलनाक्यामुळे घरोघरी पोहोचले. त्यानंतर पनवेल-कर्जत या २९.६ किलोमीटरच्या उपनगरी रेल्वेमार्गाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. मुंबई जवळ येते तशी इथली भातखाचरे भूखंड होऊ लागतात. या भूखंडांवर काय बांधले जाईल हे कोण ठरवते?

राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बृहन्मुंबई वगळता जवळजवळ संपूर्ण महाराष्ट्राला एकच नियमपुस्तक मिळाले. मात्र औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, ‘नैना’ क्षेत्र, गिरिस्थान नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे त्यातून वगळण्यात आली. कर्जत शहराला आणि खोपोलीला ही एकत्रित नियमावली लागू होते. त्याच कर्जत तालुक्यातले माथेरान मात्र तिच्याबाहेर आहे. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी म्हणजे ‘नैना’साठी २०१३ मध्ये सिडकोची नियुक्ती झाली, तेव्हा मूळ अधिसूचनेत खालापूर तालुक्यातलीही गावे होती. एका दिवसाच्या सायकलफेरीत तीन वेगवेगळ्या नियमांच्या मुलखांतून जाता येईल, असा हा परिसर आहे. नियमांची तुलना करायला याहून चांगली प्रयोगशाळा कोठे मिळणार?

आकडा काय सांगत नाही

आधी एकत्रित नियमावलीला तिचे श्रेय देऊ. पूर्वी गावोगावी वेगळे नियम होते आणि त्यांचे अर्थ लावणारेही वेगळे होते. तो गोंधळ तिने कमी केला. बाल्कनी, जिना, गच्ची अशा जागा चटई क्षेत्राबाहेर दाखवायच्या आणि मागाहून त्यांच्या खोल्या करायच्या, या जुन्या युक्तीलाही तिने आळा घातला. या जागा आता ‘सहायक क्षेत्र’ म्हणून मोजल्या जातात. निवासी इमारतीला असे क्षेत्र अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत मिळू शकते.

पण इथेच एक मजेदार गणित आहे. शहराच्या विरळ भागात मूळ निर्देशांक १.१ आहे. त्यात ६० टक्के सहायक क्षेत्र मिळवले की १.१ × १.६ = १.७६. म्हणजे ज्याला आपण १.१ म्हणतो, ते प्रत्यक्षात पावणेदोनाच्या आसपास उभे राहते. यावर अधिमूल्याचे क्षेत्र आणि हस्तांतरणीय विकास हक्क हे वेगळेच. रस्ता जितका रुंद तितके हे विकत घेता येणारे क्षेत्र अधिक. रस्त्याकडे उभ्या माणसाला यातला कोणता आकडा दिसतो? एकही नाही. इमारत नियमात आहे की नाही हे कळायला मंजूर नकाशा, वास्तुविशारदाचा तक्ता आणि अधिमूल्याच्या पावत्या पाहाव्या लागतात. जो नियम फक्त फायलीत तपासता येतो, त्यावर लोकांची नजर राहू शकत नाही. माझा या पद्धतीवरचा पहिला आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप असा की, आकडा विकता येतो. चटई क्षेत्र ही आता जमिनीसारखीच एक खरेदी-विक्रीची वस्तू झाली आहे. शासनाला त्यातून महसूल मिळतो. नियम करणाराच जेव्हा नियमातली सवलत विकतो, तेव्हा मर्यादा कोठे थांबवावी हा नगररचनेचा प्रश्न न राहता जमाखर्चाचा प्रश्न होतो.

तिसरा आक्षेप आकाराचा आहे. ‘नैना’च्या नगररचना योजनांचे सूत्र पाहा. मालक आपली जमीन योजनेत देतो. त्याला ४० टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड परत मिळतो आणि त्यावर २.५ निर्देशांक मिळतो. ०.४ × २.५ = १. हिशेब चोख आहे. चार हजार चौरस मीटरच्या मालकाला पूर्वी एक निर्देशांकाने जेवढे बांधता आले असते, तेवढेच आता सोळाशे चौरस मीटरवर बांधता येते. उरलेल्या जमिनीतून रस्ते, बागा, शाळा निघतात. विचार म्हणून ही कल्पना चांगली आहे आणि तिची मुळे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापर्यंत जातात. पण मालकाच्या हिशेबात काही बदलले नसले, तरी त्याच्या भूखंडावरची दाटी अडीच पट झाली. ती दाटी रस्त्याला कशी भिडणार? तळमजल्यावर दुकान येणार की खांबांमध्ये उभ्या केलेल्या मोटारी? पादचाऱ्याला सावली मिळणार की दोनशे मीटर लांब कुंपणभिंत? निर्देशांकाकडे याचे उत्तर नाही.

नियमावलीत सामासिक अंतरांची आणि उंचीची बंधने नाहीत का? आहेत. पण ती बहुतेक ‘किमान इतके सोडा’ आणि ‘कमाल इतके चढवा’ या स्वरूपाची आहेत. त्यामुळे एक इमारत रस्त्यापासून तीन मीटरवर उभी राहते, तर शेजारची दहा मीटरवर. मधल्या पट्ट्यात फरसबंदी होते आणि मोटारी लागतात. नियम सगळ्यांनीच पाळलेला असतो, पण रस्त्याला कड उरत नाही. प्रत्येक वाक्य व्याकरणशुद्ध आणि परिच्छेद मात्र अर्थहीन, अशी ही गत आहे.

आकाराचे नियम आपल्याकडे होते

इमारतींच्या आणि रस्त्यांच्या प्रत्यक्ष आकारावर नियंत्रण ठेवणाऱ्या नियमावलीला अमेरिकेत ‘फॉर्म-बेस्ड कोड’ म्हणतात. फ्लोरिडातील सीसाइड या छोट्या गावापासून १९८० च्या दशकाच्या आरंभी तिची सुरुवात मानतात. पुढे मायामी शहराने २००९ मध्ये संपूर्ण शहरासाठी अशी नियमावली मंजूर केली. या नियमावलीत भिंत रस्त्यापासून किती अंतरावर ‘असावी’, उंची किती ते किती असावी, तळमजल्याचे दार कोठे उघडावे, हे आकृत्यांनी सांगितलेले असते. त्यामुळे आपल्याकडे कोणी हा विषय काढला की ते परदेशी खूळ वाटते.

वास्तविक मुंबईत हे शतकापूर्वीच होऊन गेले आहे. पूर्वीच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, इमारतींच्या तळमजल्याशी पादचाऱ्यांसाठी छत असलेली कमानदार वाट ठेवण्याचे बंधन १८९६ च्या सरकारी नियमाने घातले गेले. मालक वेगळे आणि वास्तुशैली वेगळ्या, पण वाट सलग. आजही भर पावसात छत्री न उघडता त्या रस्त्याचा बराच भाग चालता येतो. त्याच साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट चाळींच्या अनुभवातून या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम स्वीकारला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर हे त्याचे मोठे पुरस्कर्ते होते.

साडेत्रेसष्ट हा विचित्र आकडा कोठून आला, हे दहावीचा विद्यार्थी सांगू शकेल. ६३.५ अंशांची टॅन्जंट किंमत जवळजवळ २ येते. म्हणजे खोलीसमोर जेवढी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून समोरची इमारत उंच नको. हा नियम तपासायला फाईल लागत नाही. कोनमापक, दोरा आणि खडा पुरे.

कर्जतचा सूर्य, कर्जतचा पाऊस

मात्र जुना नियम जसाच्या तसा उचलूनही चालणार नाही. तो आपल्या जागी तपासला पाहिजे. कर्जतचे अक्षांश सुमारे १८.९ अंश उत्तर. २२ डिसेंबरला सूर्य २३.४ अंश दक्षिणेला असतो. म्हणून माध्यान्हीची त्याची उंची ९० − १८.९ − २३.४ = ४७.७ अंश. या कोनाची टॅन्जंट किंमत सुमारे १.१ आहे. आता पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता घ्या आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींत ९ मीटर मोकळी जागा धरा. दक्षिणेकडची इमारत १५ मीटर उंच असेल, तर डिसेंबरच्या भर दुपारीही समोरच्या भिंतीवर तिची सावली १५ − (९ × १.१) = सुमारे ५ मीटरपर्यंत चढेल. तळमजला पूर्ण आणि पहिल्या मजल्याचा बराचसा भाग सावलीत जाईल. इमारत २१ मीटर असेल, तर खालचे साडेतीन मजले. मुंबईच्या जुन्या नियमाप्रमाणे ९ मीटर जागेसमोर १८ मीटर उंची चालली असती. तो नियम उजेड आणि हवा यांच्यासाठी होता, हिवाळ्यातल्या थेट उन्हासाठी नव्हता, हे यावरून कळते.

उन्हाळ्यात उलट होते. मेच्या मध्याला कर्जतच्या माथ्यावर सूर्य नेमका येतो. त्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला कितीही उंच इमारतीची सावली रस्त्यावर पडत नाही. मग पादचाऱ्याला आसरा कोण देणार? झाड किंवा छत असलेली वाट, दोनच गोष्टी. म्हणजे आपल्या अक्षांशावर रस्त्याचे सुख इमारतीच्या उंचीइतकेच तिच्या पायथ्याशी काय आहे यावर अवलंबून आहे. कोकणातल्या जुन्या घरांना पडवी होती, उतरते छप्पर बाहेर आलेले होते आणि पागोळ्यांची धार ओट्यापलीकडे पडे. हे केवळ हौसेने झालेले नव्हते.

पावसाचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही इथे नवलाची गोष्ट नाही. आपल्या हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तेवढ्या पावसात १००० × ०.१ = १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी पडते. भातखाचराच्या बांधात त्यातले बरेच अडते आणि सावकाश मुरते. आता पाव भूखंडावर चार मजली इमारत बांधली आणि उरलेल्या पाऊण भूखंडावर भराव घालून मोटारींसाठी काँक्रीट केले, तर निर्देशांक एकच राहील. पण पाणी जवळजवळ सगळे रस्त्यावर येईल. तिथून ते कर्जतकडे उल्हास नदीत आणि खोपोलीकडे पाताळगंगेत उतरेल. चटई कोठे अंथरली हे आकडा विचारत नाही, आणि चटईबाहेरच्या जमिनीचे काय केले हे तर मुळीच विचारत नाही. जमिनीचा किती भाग उघडा मातीचा ठेवायचा, भराव शेजाऱ्याच्या पातळीहून किती वर न्यायचा, नैसर्गिक ओहोळाची रेषा कशी राखायची, हे आकाराचे नियम आहेत. या दोन तालुक्यांना चटई क्षेत्राच्या तक्त्याहून त्यांची गरज अधिक आहे.

माथेरानचा धडा, दोन्ही बाजूंनी

आकाराचा नियम दीर्घकाळ टिकतो का? उत्तर कर्जत तालुक्यातच आठशे मीटर उंचीवर आहे. माथेरानला ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले. मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्याशी थांबतात. पुढे लाल मातीची वाट, झाडी आणि झाडीत लपलेले बंगले. इथे रस्त्याचा आकार हाच नियम आहे. तो मोडला तर कोणाही शाळकरी मुलाला तत्काळ दिसेल. चटई क्षेत्र दहा टक्क्यांनी वाढवले तर गावाला कळत नाही, पण माथेरानच्या वाटेवर मोटार आली तर पाच मिनिटांत कळते. नियम टिकण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

पण टीका एकतर्फी नको. माथेरानच्या सुंदर वाटेची किंमत कोणीतरी देत होते. पर्यटकांना हातगाडीत बसवून चढावर ओढणारी माणसे ती देत होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही अमानवी प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि या माणसांना ई-रिक्षा देण्याचे निर्देश दिले. त्याआधी वाटेवर मातीचे पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही, यावरही बराच न्यायालयीन वाद झाला. यातून शिकायचे ते असे : आकाराचा नियम करताना त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हेही त्याच वेळी लिहून ठेवले पाहिजे.

आकाराच्या नियमांना इतरही मर्यादा आहेत. कमान सुंदर असली म्हणून नळाला पाणी येत नाही. किती माणसे राहणार, त्यांना पाणी किती, सांडपाणी कोठे जाणार, यासाठी आकडा हवाच. आकडा टाकून द्या असे कोणी म्हणू नये. त्याला एकट्याला राज्य करू देऊ नका, एवढेच म्हणणे आहे. दुसरे असे की, सीसाइड हे देखणे गाव पुढे महागड्या सुट्टीघरांचे गाव झाले. कर्जतच्या परिसरात शनिवार-रविवारच्या घरांना आधीच मोठी मागणी आहे. फार्महाऊसवाल्यांसाठी टुमदार रस्ता आणि मागे कातकरी वाडी आहे तशीच, असे होऊ शकते. पायाखालची जमीन स्वतःच्या नावावर नसणे हा रायगडमधल्या अनेक कातकरी वाड्यांचा जुना प्रश्न आहे. दर्शनी भाग रेखीव करणारी कोणतीही नियमावली तो आपोआप सोडवणार नाही.

आणि इमारतीच्या आकाराआधी जमिनीचा आकार येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. त्या वाडीचा नव्या शहरी बांधकामाशी संबंध नव्हता. पण डोंगराच्या कुशीत वस्ती म्हणजे काय, हे त्या रात्रीने सगळ्या तालुक्याला सांगितले. राज्याच्या नियमांत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर विकासाला मनाई आहे. १:५ म्हणजे सुमारे ११.३ अंश. हाही डोळ्यांनी आणि कोनमापकाने तपासता येणारा आकाराचाच नियम आहे. तो नकाशावर आहे, पण उतारावर उभे राहून तो मोजणारे किती आहेत?

शाळेने काय करावे

पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा आग्रह असे की आधी पाहणी, मग आराखडा. रोग ओळखल्याशिवाय औषध नको. ही पाहणी करायला तज्ज्ञच हवेत असे नाही. नववी-दहावीचे वीस विद्यार्थी, एक मोजपट्टी आणि आलेख कागद एवढ्या सामग्रीवर गावातल्या एका रस्त्याचा आडवा छेद १:१०० प्रमाणात काढता येतो. रस्त्याची रुंदी, गटार, झाड, ओटा, कुंपणभिंत आणि समोरासमोरच्या इमारतींची उंची त्यात दाखवावी. उंची सावलीवरून किंवा कोनमापकाने काढता येईल. असे दोन छेद काढा, एक जुन्या बाजारपेठेतला आणि एक नव्या वसाहतीतला. दोन्हींवर डिसेंबरच्या ४७.७ अंशांची रेषा मारा आणि उघड्या मातीचा भाग रंगवा. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचे तास या एका कागदावर एकत्र येतील.

मग तो कागद फळ्यावर लावून थांबू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना त्यावर हरकती व सूचना देता येतात. बहुतेक हरकती ‘माझ्या जमिनीवरचे आरक्षण काढा’ अशा असतात. ‘आमच्या रस्त्याचा छेद असा आहे, तो पुढे असा व्हावा’ अशी मोजमापासह केलेली सूचना अगदी क्वचित येते. शिक्षकांनी ती पाठवावी. नगरपरिषदेनेही आराखड्याबरोबर प्रत्येक मुख्य रस्त्याचा आडवा छेद कार्यालयाच्या दर्शनी भागात लावावा, अशी मागणी करावी. चटई क्षेत्राचा तक्ता वाचता येणारे गावात दहा-पंधरा जण असतील. घर, झाड आणि वाट यांचे चित्र मात्र सगळ्यांनाच वाचता येते.